ग्रॅकस, टायबीरिअस सेंप्रोनिअस
(इ. स. पू. सु. १६३–१३३). रोमन प्रजासत्ताकातील लोकपक्षीय राजकारणी व जमीनसुधारणेचा पुरस्कर्ता. त्याचे घराणे प्लेबियन, म्हणजे कायद्याने सामान्यजनांच्या वर्गातील असले, तरी निर्धन नव्हते. वडील दोनदा कॉन्सल झाले होते आणि आई कॉर्नीलिया ही हॅनिबलचा पराभव करणाऱ्या सिपिओ आफ्रिकेनसची कन्या. स्पेनमधील नुमांशियाच्या मोहिमेत (इ. स. पू. १३७) तो क्वेस्टर होता. शत्रूच्या कचाट्यात सापडलेल्या रोमन सैन्याचे प्राण त्याने तह घडवून वाचविले. परंतु सीनेटने तो तह फेटाळला. या मानभंगामुळेच तो सीनेटच्या विरोधात गेला, हा त्याच्या विरोधकांचा आरोप अपुरा वाटतो.

इटलीत जिंकलेल्या प्रदेशाचा मोठा भाग राज्याच्या मालकीचा असे. धनिकांनी तो बळकावून गुलामांकरवी कसावयास घेतला, असे प्लूटार्क व अ‍ॅपियन सांगतात. दक्षिण एट्रुरियातील पुरातत्त्वीय सर्वेक्षणात लहान शेतांच्या खुणा पुष्कळ आढळल्याने हे चित्र सर्वत्र सारखे नसावे. तथापि सैन्यभरतीस मालमत्तेची अट असल्याने भूमिहीनांचा प्रश्न लष्करीही होता. इ. स. पू. १३३ मध्ये ट्रिब्यून होताच टायबीरिअसने सार्वजनिक जमिनीच्या धारणेवर ५०० युगेरांची (सु. १२५ हेक्टर) जुनी मर्यादा पुन्हा लागू करणारे विधेयक मांडले. जादा जमीन गरिबांना लहान तुकड्यांनी द्यावयाची होती व ती विकण्यास बंदी होती. मसुद्यास त्या वर्षीचा कॉन्सल म्यूशिअस स्कीव्होला याच्यासारख्या विधिज्ञांचे साहाय्य होते.

सीनेटला डावलून विधेयक थेट लोकसभेपुढे नेताच सहकारी ट्रिब्यून ऑक्टेव्हिअस याने नकाराधिकार वापरला. टायबीरिअसने लोकसभेच्या मतानेच त्याला पदच्युत केले. लोकांच्या हिताविरुद्ध वागणारा ट्रिब्यून ट्रिब्यून राहत नाही, हा त्याचा युक्तिवाद प्रभावी होता. पण सामान्यजनांना सरदारवर्गापासून संरक्षण मिळे, ते या पदाच्या अनुल्लंघनीयतेमुळेच. तिला पहिला तडा त्याच्याच हातून गेला.

विधेयक संमत झाले. अंमलबजावणीसाठी नेमलेल्या त्रिसदस्य मंडळावर तो स्वतः, धाकटा भाऊ गेयस व सासरा अ‍ॅपिअस क्लॉडिअस होते. सीनेटने पुरेसा पैसा नाकारला, तेव्हा पर्गमम्‌चा राजा तिसरा अ‍ॅटलस याने मृत्युपत्राने रोमला दिलेला खजिना नव्या शेतकऱ्यांना अवजारांसाठी द्यावा, असे टायबीरिअसने सुचविले. परराष्ट्र व वित्त ही सीनेटची खास क्षेत्रे होती. त्यात तो लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणुकीस उभा राहिल्याने राजपदाच्या हव्यासाचा आरोप पसरला. बळाचा वापर करण्यास स्कीव्होलाने नकार दिला. मात्र महापुरोहित सिपिओ नासिका याच्या नेतृत्वाखाली सीनेटर व त्यांचे पाठीराखे कॅपिटोल टेकडीवर चालून गेले. दंडुके व मोडक्या बाकांचे पाय यांनी टायबीरिअस व त्याचे सु. ३०० अनुयायी ठार झाले. प्रेते टायबर नदीत टाकण्यात आली. राजेशाहीच्या अंतानंतर नागरी कलहाचा शेवट रक्तपातात होण्याची ही पहिलीच वेळ, असे प्लूटार्क म्हणतो.

पुढील वर्षी त्याच्या अनेक समर्थकांना शिक्षा झाल्या. कायदा मात्र रद्द झाला नाही. टायबीरिअसच्या जागी लिसिनिअस क्रॅसस येऊन मंडळाचे काम चालू राहिले. इ. स. पू. १२९ मध्ये वादग्रस्त जमिनींच्या निवाड्याचा अधिकार मंडळाकडून काढून घेण्यात आला आणि कामाचा वेग मंदावला. गेयस, अ‍ॅपिअस क्लॉडिअस व क्रॅसस यांची नावे कोरलेले सीमेचे दगड कँपेनिया व लुकेनिया येथे सापडले आहेत.