पहिली दुर्बीण कशी निवडाल?

विद्यार्थी मित्रहो, चंद्रावरची विवरे पाहावीत, गुरूचे चार मोठे उपग्रह रात्रीगणिक जागा कशी बदलतात ते वहीत टिपावे, तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा पक्षी बगळा आहे की ढोकरी याची खात्री करावी, असे तुम्हाला नेहमीच वाटत असेल. या सर्व कामांना पुरणारे एकच उपकरण आहे. ते म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहण्याची द्विनेत्री दुर्बीण. परंतु ती काही वरचेवर घेण्याची वस्तू नव्हे. वर्षभर साठवलेले पैसे किंवा विज्ञान मंडळाने वर्गणी काढून जमवलेली रक्कम एका चुकीच्या खरेदीत गेली, तर पुन्हा तेवढे पैसे उभे राहीपर्यंत तुम्ही शाळा सोडलेली असाल! तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी थोडा अभ्यास करू या.

दोन आकड्यांचा अर्थ

प्रत्येक दुर्बिणीवर ७×५०, ८×४०, १०×५० असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा विवर्धनाचा. ८ पट विवर्धन म्हणजे ८०० मीटरवरचे झाड १०० मीटरवर असल्यासारखे दिसते. दुसरा आकडा पुढच्या मोठ्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा, मिलिमीटरमधील व्यास. भिंग जितके मोठे तितका प्रकाश जास्त गोळा होतो, आणि तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ८×४० दुर्बीण ८×२५ दुर्बिणीच्या सुमारे अडीच पट प्रकाश गोळा करते.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४० भागिले ८ म्हणजे ५. याचा अर्थ असा, की नेत्रिकेतून म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका ५ मि.मी. जाडीची असते. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात २ ते ३ मि.मी. असते, तर अंधारात तुमच्या वयाच्या मुलांची बाहुली सुमारे ७ मि.मी. पर्यंत उघडते. ७×५० दुर्बिणीची शलाका ७ मि.मी. भरते, म्हणून ती रात्रीच्या आकाशाला उत्तम. दिवसा मात्र तिचा पुष्कळसा प्रकाश बाहुलीच्या बाहेर पडून वाया जातो. उलट २०×५० मधून फक्त अडीच मि.मी. जाडीची शलाका येते, त्यामुळे संध्याकाळी तिच्यातून चित्र अंधारलेले दिसते.

जास्त पट म्हणजे जास्त चांगली?

मुळीच नाही! दुर्बीण वस्तूबरोबर तुमच्या हाताचा कंपही तितक्याच पटींनी वाढवते. २० पटींच्या दुर्बिणीतून पाहिलेला तारा हातात धरून स्थिर राहतच नाही. तिला तिकाटणे लागते. हाताने धरण्याच्या दुर्बिणीला १० पट ही व्यवहारात मर्यादा समजावी. शिवाय विवर्धन वाढले की दिसणारे क्षेत्र सहसा आकसते. ८ अंशांचे दृष्टिक्षेत्र असेल तर १००० मीटर अंतरावर सुमारे १४० मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो. उडता पक्षी शोधायला असे रुंद क्षेत्रच हवे. विवर्धन कमीजास्त करता येणाऱ्या ‘झूम’ दुर्बिणी आकर्षक वाटतात, पण स्वस्त झूम दुर्बिणीत क्षेत्र अरुंद आणि चित्र धूसर असते. पहिल्या खरेदीसाठी ८×४० किंवा ८×४२ हा सर्वांत समतोल पर्याय. आकाशनिरीक्षणावर भर असेल तर १०×५० घ्यावी, पण ती वजनाला जड असते हे ध्यानात ठेवावे.

आत काय असते?

वस्तुभिंगाने तयार होणारी प्रतिमा उलटी असते. ती सुलटी करण्यासाठी काचेचे लोलक वापरतात. काचेतून हवेकडे जाणारा किरण सुमारे ४२ अंशांहून मोठ्या कोनात पृष्ठभागावर पडला, की त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. लोलकात तो ४५ अंशांत पडतो, म्हणून आरशाच्या मुलाम्याविनाच तो संपूर्ण परततो. दोन लोलकांची ही युक्ती इग्नाझिओ पोरो या इटालियन अभियंत्याने १८५४ च्या सुमारास योजली. पुढे जर्मनीतील येना येथे एर्न्स्ट आबे यांच्या मार्गदर्शनाखाली झाइस कारखान्याने १८९४ मध्ये अशा दुर्बिणी बाजारात आणल्या. पोरो पद्धतीच्या दुर्बिणीत नळ्या वाकड्या, खांदे काढल्यासारख्या दिसतात. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीतील लोलक फार अचूक घासावे लागतात. म्हणून थोड्या पैशांत घ्यायची असेल, तर पोरो पद्धतीची दुर्बीण बहुधा सरस ठरते.

मुलामा नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडताना जवळजवळ एकतृतीयांश प्रकाश वाया जातो. म्हणून भिंगांवर परावर्तन कमी करणारा पातळ लेप देतात. दिव्याचे प्रतिबिंब भिंगात मंद जांभळे किंवा हिरवट दिसले तर असा लेप आहे असे समजावे. भडक लाल, आरशासारखी चमकणारी भिंगे मात्र टाळावीत.

दुकानात करावयाचे प्रयोग

१. दुर्बीण उजेडाच्या दिशेने, पण सूर्याकडे नव्हे, हातभर दूर धरा. नेत्रिकेत प्रकाशाची गोल चकती दिसेल. मोजपट्टीने तिचा व्यास मोजा. ८×४० मध्ये तो ५ मि.मी. भरला पाहिजे. तीनच मि.मी. भरला, तर ४० पैकी फक्त २४ मि.मी. भिंग उपयोगी पडते आहे! चकतीच्या कडा चौकोनी आणि काळवंडलेल्या दिसल्या, तर लोलकांमुळे प्रकाश अडतो आहे.

२. दूरची विजेची तार किंवा छपराची आडवी कड पाहा. दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. दोन्ही वर्तुळांत ती रेघ एकाच उंचीवर राहिली पाहिजे. तसे नसेल तर दोन्ही नळ्या समांतर नाहीत आणि थोड्याच वेळात डोके दुखू लागेल.

३. हलवून पाहा. आत काही खुळखुळता कामा नये.

४. चष्मा लावूनच पाहणार असाल, तर डोळा नेत्रिकेपासून निदान १५ मि.मी. दूर ठेवूनही पूर्ण क्षेत्र दिसते ना, याची खात्री करा.

वापर आणि निगा

प्रथम दोन्ही नळ्यांमधील अंतर डोळ्यांना जुळवून घ्या. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करा. त्यानंतर डावा डोळा मिटून उजव्या नेत्रिकेचे कडे फिरवा. एकदा हे जमले की नंतर फक्त मधले चाकच फिरवावे लागते.

दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरसुद्धा पाहू नका! एकवटलेल्या प्रकाशाने डोळ्यातील दृष्टिपटल कायमचे भाजते, आणि त्या वेळी वेदनाही होत नाही. वर्गात दुर्बीण हातोहात फिरते तेव्हा शिक्षकांनी याकडे जातीने लक्ष द्यावे.

आपल्याकडे, विशेषतः कोकणात, पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते व काचेवर कायमचे डाग राहतात. म्हणून पावसाळ्यात दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. चामड्याच्या पिशवीत ओल टिकते, तिथे ती ठेवू नये. भिंगावरची धूळ आधी फुंकणीने उडवावी, मगच स्वच्छ मऊ कापडाने हलकेच पुसावे.

या दुर्बिणीतून शनीची कडी वेगळी दिसणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. परंतु कृत्तिकांचा पुंजका, मृग नक्षत्रातील तेजोमेघ आणि सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका नक्की दिसेल. दिवसा ठाण्याच्या खाडीवरचे रोहित किंवा नांदूर मधमेश्वरची बदके न्याहाळा. पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीची तारीख, वेळ आणि चित्र वहीत नोंदवायला विसरू नका.