दर तोच, मुद्दल कमी

२०१९ च्या मे महिन्यात दाजींना घेऊन मी केदारनाथला गेलो. ताई गेली, तिचा नवस राहिला होता. तो फेडायचा, एवढाच दाजींचा ध्यास. आपले लातूर फार तर सहाशे-साडेसहाशे मीटर उंचीवर. केदारनाथ साडेतीन हजारांच्या वर. बँकेत तेहेतीस वर्षे माझी आकड्यांतच गेली, पण या आकड्यांचा अर्थ कळला तो त्या रात्री.

गौरीकुंडाहून एका दिवसात आम्ही दीड हजार मीटर चढलो. संध्याकाळी दाजींचे डोके ठणकू लागले, मग उलट्या सुरू झाल्या. मध्यरात्री बोलणे अडखळू लागले, पाऊल सरळ पडेना. "प्रवासाचा शीण आहे. पहाटे दर्शन घेऊ," हे त्यांचे पालुपद. डॉक्टरांनी मात्र पाहताक्षणी सांगितले, "दर्शन राहू द्या, यांना आधी खाली न्या." कादंबऱ्यांत मी पुष्कळ माणसे मारली, मृत्यू उशाशी बसलेला पाहिला तो तेव्हा.

उंचावर हवेत प्राणवायू कमी असतो, असे आपण म्हणतो. खरे तर त्याचे प्रमाण तिथेही शंभरात एकवीसच. कमी होतो तो हवेचा दाब. आमच्या भाषेत, व्याजाचा दर तोच, मुद्दल घटलेले. केदारनाथला हा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश, एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एक-तृतीयांश. शरीर ही तूट भरून काढू पाहते. श्वास वाढतो, हृदय धावते, पुढे रक्तातल्या तांबड्या पेशीही वाढतात. पण त्याला मुदत हवी. ती मिळाली नाही तर कुणाच्या फुफ्फुसांत पाणी साचते, कुणाच्या मेंदूला सूज येते. म्हणून तीन हजार मीटरांनंतर रोजचा मुक्काम पाचशे मीटरांहून अधिक वर नेऊ नये, असा जाणकारांचा नेम आहे.

रात्रभर प्राणवायू लावून उजाडताच दाजींना डोलीतून उतरवले. गौरीकुंड येईतो ते नीट बोलू लागले. पहिले वाक्य होते, "तिचं काम राहिलं रे."

आपल्या मराठवाड्याच्या मनीषा वाघमारे २०१७ साली एव्हरेस्टच्या माथ्यापासून दोनशे मीटरांच्या आत पोचून खराब हवेमुळे माघारी फिरल्या. मे २०१८ मध्ये पुन्हा गेल्या आणि माथा गाठला. हे मी दाजींना सांगितले. ते म्हणाले, "अरे, तिचं वय काय, माझं काय!"

यावर मी गप्प बसतो. नवस राहिला, पण दाजी राहिले. हा हिशेब मला पटतो. त्यांना अजून पटलेला नाही.