दुकानांतलें काळें-पांढरें चित्र

गेल्या श्रावणांतली गोष्ट. दिव्याहून येणाऱ्या गाडीनें मी पेणहून रोह्यास गेलों होतों. तेथें माझी धाकटी बहीण आजारी होती, म्हणून स्टेशनावरून परस्पर एका औषधाच्या दुकानांत शिरलों. औषधाचे ६४० रुपये झाले. खिशांत पाकीट नव्हतें. पण हातांत मोबाइल होता, आणि त्याच्या जोरावर मी अलीकडे पाकीट विसरण्याइतका आधुनिक झालों आहें. काचेवर चिकटविलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनापुढें मोबाइल धरला, रक्कम घातली, गुप्त अंक दाबले. क्षणभरानें बँकेचा निरोप आला कीं, खात्यांतून ६४० रुपये वजा झाले. परंतु दुकानदाराच्या मेजावरची ती बोलकी डबी कांहीं केल्या बोलेना. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, माझ्याकडे आले नाहींत." मी म्हणालों, "माझ्याकडून गेले." आणि आम्ही दोघेहि खरें बोलत होतों.

मग ते ६४० रुपये त्या घटकेला होते कोठें? ह्या एका प्रश्नाचें उत्तर नीट समजलें, तर मोबाइलवरून पैसे देण्याची सारी रीत समजते; म्हणून आज तेंच सांगण्याचें मीं योजिलें आहे. मी कांहीं ह्या शास्त्रांतला पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविलेला मी शाळामास्तर. ही माहिती मला दिली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. तो आतां एका बँकेंत आहे. एके काळीं त्याला हातचा एक कोठें धरावा हें कांहीं केल्या समजत नसे!

पहिली गोष्ट ही कीं, आपले पैसे मोबाइलमध्यें नसतात. पुष्कळांची, विशेषतः आमच्या वयाच्या माणसांची, समजूत असते कीं, मोबाइल म्हणजे नवीन तऱ्हेचें पाकीट. तसें नाहीं. पैसे बँकेंत जेथें होते तेथेंच असतात; मोबाइल हें केवळ बँकेला चिठ्ठी लिहिण्याचें साधन आहे. आपल्या आजोबांच्या वेळीं सावकार हुंडी लिहीत, तीच ही हुंडी. फक्त ती पोंचण्यास आठ दिवसांऐवजीं दोन-चार सेकंद लागतात.

आणि तें काळें-पांढरें चित्र? त्याला क्यूआर कोड म्हणतात. तें १९९४ सालीं जपानांत डेन्सो वेव्ह ह्या कंपनींतील मासाहिरो हारा ह्या एंजिनियरनें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तयार केलें, आणि तेंहि पैशासाठीं नव्हे, मोटारींच्या कारखान्यांतील सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं! 'गो' नांवाच्या पटावरच्या खेळांतील काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पाहून त्याला ही कल्पना सुचली. चित्राच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यांवरून मोबाइलला चित्राची वरची बाजू कोणती तें कळतें, आणि म्हणून आपण तें तिरपें धरलें तरी चालतें. मजकूर अशा युक्तीनें लिहिलेला असतो कीं, उत्तम प्रकारच्या चित्राचा जवळ जवळ ३० टक्के भाग पुसला गेला तरी उरलेल्यावरून तो वाचतां येतो. मासळीबाजारांत ओल्या हातांचे डाग पडलेला कागदहि काम देतो तो ह्यामुळें. पण त्यांत लिहिलेलें असतें काय? दुकानदाराचें नांव आणि त्याच्या खात्याचा पत्ता, बहुधा इतकेंच. दारावरची पाटीच ती! तींत गुप्त असें कांहीं नाहीं, म्हणून ती उघड्यावर टांगतां येते.

आतां चिठ्ठीचा प्रवास पाहूं. गुप्त अंक दाबल्यावर मोबाइल आज्ञा लिहितो कीं, माझ्या खात्यांतून इतके रुपये काढून अमक्याच्या खात्यांत घाला. ही आज्ञा सांकेतिक लिपींत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जाते. ही संस्था २००८ सालीं स्थापन झाली, आणि यूपीआय ही तिची व्यवस्था ११ एप्रिल २०१६ रोजीं मुंबईंत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन ह्यांच्या हस्तें सुरू झाली. भीम, फोनपे, गूगल पे हीं सारीं निरनिराळीं दारें. आंतील रस्ता एकच. मध्यवर्ती यंत्रणा टपालखात्याच्या सॉर्टिंग ऑफिससारखी आहे. ती माझ्या बँकेस विचारते, "ही सही खरी का? शिल्लक आहे का?" बँक पैसे वजा करून होकार देते. मग ती दुकानदाराच्या बँकेस म्हणते, "हे जमा करा." तिचा होकार आला कीं दोन्ही बाजूंस निरोप जातो. माझ्या बाबतींत पहिलीं पावलें पडलीं आणि शेवटचा होकार परत आला नाहीं. म्हणजे माझे ६४० रुपये हरवले नव्हते. ते दोन बँकांच्या हिशेबांच्या मध्यें उभे होते. हातचा एक म्हणा ना!

अशा रकमेचें काय करावें ह्याविषयीं रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१९ मध्यें नियम केला आहे. दुकानदाराला पैसे पोंचल्याची खात्री न झाल्यास ते पांच दिवसांच्या आंत आपोआप परत आले पाहिजेत; व्यक्तीनें व्यक्तीला पाठविलेले असतील, तर दुसऱ्याच दिवसापर्यंत. त्याहून उशीर झाल्यास ग्राहकास रोजीं १०० रुपये भरपाई. हा नियम मला त्या दिवशीं ठाऊक असता, तर मीं दुकानांत उगीच आवाज चढविला नसता.

रोह्याचें आणि रिझर्व्ह बँकेचें नातें जुनें आहे. ह्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, जे १९४३ सालीं त्या पदावर आले, त्यांच्या बालपणाचा बराच काळ रोह्यासच गेला. नोटेवर गव्हर्नराची सही असते ती कशाकरितां? धारकास तितके रुपये देण्याचें वचन म्हणून. मग मोबाइलवरून दिलेल्या पैशावर सही कोणाची? तुमची! ते चार किंवा सहा गुप्त अंक, ज्यांस पिन म्हणतात, तीच तुमची सही. २०२५ च्या ऑक्टोबरपासून लहान रकमांना बोटाच्या ठशानें किंवा चेहऱ्यानेंहि संमति देण्याची सोय झाली आहे, तीहि सहीच. आणि सही पैसे देतांना करावयाची असते, घेतांना कधींहि नाहीं. कोणी फोनवर म्हणालें कीं, "तुमच्या जुन्या कपाटाचे पैसे पाठवितों, एवढे अंक दाबा," तर तो तुमच्याच चेकवर तुमची सही मागत आहे असें समजावें. असा मागणीचा निरोप एका व्यक्तीनें दुसऱ्या व्यक्तीस पाठविण्याची सोय त्याच ऑक्टोबरपासून बंद करण्यांत आली. पण लबाडांना दुसऱ्या वाटा सुचतातच. फसल्यास वेळ न दवडतां १९३० ह्या क्रमांकावर कळवावें.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर ठाणें जिल्ह्यांत, मुरबाड तालुक्यांतील धसई गांव १ डिसेंबर २०१६ रोजीं रोकडरहित म्हणून जाहीर झालें. तेथें भर होता तो कार्ड घांसण्याच्या यंत्रांवर. यंत्र घ्यावयाचें, वर बँकेची दलाली. लहान दुकानदाराला तें कसें परवडावें? कागदावरच्या चित्राला यंत्र लागत नाहीं, आणि जानेवारी २०२० पासून यूपीआयवरील दलालीहि उठविली गेली. म्हणूनच आज पेणच्या बाजारांत पोहे-पापड विकणारी बाईहि तें चित्र टांगते. कार्डांतहि सुधारणा झाली आहे म्हणा. यंत्राजवळ नुसतें धरलें कीं ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाहीं. पण तें शहरांतल्या मोठ्या दुकानांचें प्रकरण.

आमच्या आळीच्या तोंडाशीं भाजी विकणारी एक बाई आहे. तिला अक्षरओळख नाहीं. एका गिऱ्हाइकानें पैसे पाठविल्याचें खोटेंच चित्र मोबाइलवर दाखवून तिला ३०० रुपयांस बुडविलें. ३०० रुपये म्हणजे तिची दिवसाची कमाई. त्यानंतर तिनें बोलकी डबी घेतली. डबी मराठींत रक्कम सांगते, आणि ती ऐकूं आल्याखेरीज बाई पिशवी हातांत देत नाहीं. तिचें पाहून मीहि एक शिस्त लावून घेतली आहे: चित्र टिपल्यावर पडद्यावर जें नांव येतें तें मोठ्यानें वाचावयाचें. दुकानाच्या चित्रावर दुसऱ्याच कोणाचें चित्र चिकटविण्याची लबाडी ह्यानें उघडी पडते. हमरापूर, जोहे ह्या गांवांतील आणि पेणमधील गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीचा बयाणा दुरून पाठवावयाचा असल्यास आधीं एक रुपया पाठवून पोंचल्याचें विचारावें, मग उरलेला.

आमच्या घरीं मात्र ह्या सुधारणेला विरोध होता. घरखर्चाचे पैसे डब्यांत असले म्हणजे किती उरले तें डोळ्यांना दिसतें, मोबाइलांत तें दिसत नाहीं, हें माझ्या पत्नीचें म्हणणें. ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर अजूनहि नाहीं. पण विद्यार्थ्यानें यूपीआय लाइट म्हणून एक तोड दाखविली. त्यांत फार तर ५,००० रुपये बाजूला काढून ठेवतां येतात, आणि एका वेळीं १,००० पर्यंत पिनशिवाय देतां येतात. हा डबाच झाला. आणि डब्याप्रमाणेंच ज्याच्या हातीं उघडा सांपडेल त्याला तो रिकामा करतां येतो, म्हणून मोबाइलला कुलूप हवेंच. मोबाइल हरवल्यास प्रथम सिमकार्ड बंद करवावें, मग बँकेस कळवावें. तरीहि पावसाळ्यांत वीज जाते, मोबाइलची रेंज जाते, म्हणून पाकिटांत दोन-तीनशें रुपये मी आतां पुन्हा ठेवूं लागलों आहें.

रोह्याच्या त्या दुकानदारानें औषध अडवून धरलें नाहीं. "घेऊन जा, गुरुजी, पैसे कोठें जातात!" असें म्हणून त्यानें पुडी हातांत दिली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ६४० रुपये माझ्या खात्यांत परत आले. मीं ते पेणहूनच त्याला पुन्हा पाठविले, आणि लगेच फोन केला. त्यानें उत्तर देण्यापूर्वींच मागून त्या डबीचा आवाज मला ऐकूं आला.