अंगणातला सवंगडी

जालना : अंबड, भोकरदनकडील शेतवस्त्यांवर कुत्रा पाळला जातो तो राखणीसाठी. घरातील चिमुकल्याला मात्र तो राखणदार वाटत नाही. मोठी माणसे मोसंबीच्या बागेत गेली की त्याच्यासाठी अंगणात उरलेला सवंगडी तोच. मग हातातली अर्धी भाकरीही त्यालाच जाते!

या जिव्हाळ्यामागे शरीरशास्त्रही आहे. कुत्रा व मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, असे जपानी संशोधकांना २०१५ मध्ये आढळले. आई आणि तान्हुल्याला जोडणारे संप्रेरक हेच.

परंतु कुत्र्याची भाषा लहान मुलाला वाचता येत नाही. अंग ताठ करणे, मान फिरवणे, ओठ चाटणे म्हणजे 'आता पुरे' हा इशारा. मूल नेमके तेव्हाच त्याच्या गळ्यात पडते. जेवणाऱ्या वा झोपलेल्या कुत्र्यापाशी मुलाला एकटे सोडू नये, ते यासाठीच.

खरी चिंता मुलाच्या मौनाची. कुत्र्याला मार बसेल या भीतीने ते दाताचा ओरखडा लपवू शकते, आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार संशयित रेबीजग्रस्त प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. अशा वेळी हळद-तिखट लावत न बसता जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. पिलू तीन महिन्यांचे होताच त्यालाही लस टोचावी, पुढे दरवर्षी.