होडी, खाडीतील
होडी, खाडीतील : भरती-ओहोटीच्या पाण्यात एकदोन माणसांनी हातवल्ह्याने चालवावयाची लहान व उथळ नौका. वल्हविण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत वल्हे होडीच्या कडेवरील खुंटीला अडकविलेले असते आणि वल्हविणारा जाण्याच्या दिशेकडे पाठ करून बसतो. दुसरीत वल्हे मोकळे हाती धरून, पुढे पाहत पाणी मागे सारतात. अरुंद व नागमोडी खाडीत ही दुसरी पद्धत सोयीची असते. कारण तीत वाट समोर दिसते आणि वल्ह्यासाठी दोन्ही बाजूंना रुंद जागा लागत नाही. एका पात्याच्या वल्ह्याने चालणारी कनू व दोन पात्यांच्या वल्ह्याने चालणारी, वरून झाकलेली कयाक हे तिचे जगभर प्रसिद्ध असलेले प्रकार होत. ‘कनू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील लोकांकडून स्पॅनिश भाषेमार्फत आला. कयाक ही उत्तर ध्रुवाकडील इन्यूइट लोकांची, सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली शिकारीची नौका. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून दोहोंच्या शर्यतींना क्रीडासामन्यांत स्थान मिळाले.

कोकणात या जातीची होडी एकाच खोडातून, बहुधा आंब्याच्या, कोरून काढीत. रत्नागिरी व सिंधुदुर्ग भागांत तिच्या एका बाजूस आडव्या दांड्यांनी लाकडाचा ओंडका जोडतात. त्याला उलांडी म्हणतात. उलांडीमुळे होडी लाटेवर सहसा कलंडत नाही. मात्र तिवरांच्या दाटीत हीच उलांडी अडचणीची ठरते.

माझगावचा या विषयाशी संबंध त्याच्या जन्मापासूनचा आहे. मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी ते एक. त्याच्या आणि मुंबई बेटाच्या मध्ये उमरखाडी होती. ओहोटीला तिच्या चिखलातून चालत येता येई व पलीकडे पोहोचल्यावर पाय धूत, यावरून पायधुणी हे नाव पडले, असे परंपरा सांगते. भरतीला मात्र होडीवाचून गत्यंतर नसे. वरळी व महालक्ष्मी यांच्यामधील खिंडारातून समुद्र आत शिरत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळी तेथे बांध घालण्यात आला व तो १७८४ च्या सुमारास पुरा झाला. पश्चिमेचे पाणी तुटल्यावर आतल्या खाड्या व दलदली क्रमाक्रमाने बुजविण्यात आल्या. पूर्व किनाऱ्यावर १७७४ मध्ये माझगावची गोदी झाली; १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला व १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला. त्यानंतर भराव आणि धक्क्यांच्या भिंती यांमागे कोळ्यांचा जुना उतरता किनारा दडून गेला. शहराला जमीन मिळाली आणि जहाजे थेट धक्क्याला लागू लागली, हा लाभ थोडा नव्हे. पण बेटाला बेटपण देणारी खाडी आज केवळ वस्तीच्या नावात उरली आहे.

खाडीत होडी चालविणे हे बाहुबळापेक्षा वेळेचे काम आहे. मुंबई बंदरात दिवसातून दोनदा भरती येते व ती रोज सु. ५० मिनिटे उशिरा होत जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची पातळी ४ ते ५ मी. पर्यंत वर-खाली होते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, हा फरक निम्म्याहूनही कमी असतो. किनाऱ्यावरील जुना हिशेब असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते : चतुर्थीला ३, अष्टमीला ६, अमावास्या-पौर्णिमेला १२ च्या सुमारास. त्यात अर्धाएक तासाची चूक संभवते, तरी छापील कोष्टक हाताशी नसता तो पुष्कळ उपयोगी पडतो. भरतीचे पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक भाग, असा ढोबळ क्रम असतो. त्यामुळे मधल्या दोन तासांत ओढ सर्वांत जोराची असते व तिच्याविरुद्ध वल्हविणे व्यर्थ होय. चढत्या पाण्याबरोबर आत जावे व ओहोटी लागताच परतावे, ही रीत त्यातूनच आली. पावसाळ्यात नदीचे पाणी मिसळल्याने ओहोटी अधिक लांबते व जोर धरते. अशा वेळी हा हिशेब चुकतो.

परतण्यास उशीर झाल्यास होडी चिखलावर बसते. तेव्हा खाली उतरून ती ढकलण्याचा मोह घातक ठरतो. पाय गुडघ्यापर्यंत, प्रसंगी कमरेपर्यंत रुततो व उपसण्याच्या धडपडीत अधिकच खोल जातो. होडीतच बसून पुढील भरतीची वाट पाहणे श्रेयस्कर. म्हणून पिण्याचे पाणी जवळ असावे लागते. वळणावर बाहेरच्या काठाशी प्रवाह खोल असतो, आतल्या काठाशी गाळ साचतो. वल्हविणारा गुडघे टेकून बसल्यास गुरुत्वमध्य खाली राहतो. जोर खांद्यापेक्षा कमरेच्या वळणातून द्यावयाचा असतो. एकाच बाजूने वल्हविल्यास होडी विरुद्ध बाजूस वळते. ते टाळण्यासाठी मागे बसलेला माणूस प्रत्येक फटक्याच्या शेवटी पाते किंचित बाहेर वळवितो. हे साधले की, वेगळ्या सुकाणूची गरज उरत नाही.

माझगावहून पाहता अशी ग्रामीण खाडी आता बंदराच्या पलतीरी आढळते. भाऊच्या धक्क्यावरून लाँच रेवसला जाते. तेथे अंबा नदीची धरमतर खाडी समुद्राला मिळते व तिच्या काठी खारबांध, भातशेती व तिवरांची राने आहेत. मात्र धरमतर बंदराकडे अवजड मालवाहू बार्जेस जात असल्याने लहान होडीने मुख्य प्रवाह सोडून कडेने व उपखाड्यांतूनच जावे. उत्तरेकडील ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये रामसर यादीत आला; तेथे प्रवेशावर निर्बंध आहेत. राज्यातील खारफुटी तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालाने मनाई केली. माझगावच्या खाडीला असे संरक्षण लाभण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या काळी दलदल ही रोगाची जागा समजली जाई, आणि हिवतापाचा अनुभव पाहता ते अगदीच निराधार नव्हते.

अलीकडे कोरीव लाकडी होड्यांची जागा बव्हंशी फायबरग्लासच्या होड्यांनी घेतली आहे. त्या हलक्या असून त्यांना दरवर्षी तेल पाजावे लागत नाही. परंतु खडकावर किंवा कालवांच्या धारदार शिंपल्यांवर घासल्यास तळ चिरतो, व ती चीर लाकडाप्रमाणे फुगून आपोआप मिटत नाही.