घरपट्टीचा कागद गादीखाली ठेवू नका

आमच्या गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. वय ७४. एक मुलगा पुण्यात, दुसरा कुवेतला. चाची गेल्यापासून खाली चाचा एकटे असतात आणि वरच्या मजल्याला कुलूप. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी असरच्या नमाजनंतर ते आमच्या दारात आले. हातात नगर परिषदेची नोटीस होती. वर्षाला २,९४० रुपये असलेली घरपट्टी नव्या आकारणीत ९,८६० रुपये झाली होती.

“बेटा, काय लिहिलंय ते वाचून सांग. भरून टाकतो. सरकारी कागदाशी या वयात कोण भांडणार?”

आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणारे चाचा स्वतःसाठी अर्ज करायला तयार नव्हते. हरकत घेण्याची मुदत संपायला चार दिवस उरले होते.

घर मोजतात, मिळकत नाही

नगर परिषदांचा कारभार १९६५ च्या कायद्यावर चालतो. घरांची नवी आकारणी दर चार वर्षांनी करायची असते. भाडेमूल्याच्या पद्धतीत घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल ते धरतात, दुरुस्तीसाठी त्यातून दहा टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर कर लावतात. उदाहरणादाखल, महिन्याला ३,००० रुपये भाडे धरले तर वर्षाचे ३६,००० होतात. दहा टक्के वजा जाता ३२,४०० उरतात. कराचा दर २५ टक्के असेल तर ८,१०० रुपये झाले. त्यात शिक्षण करासारखे इतर कर मिळवायचे. शिक्षण कर नगर परिषद गोळा करते, पण तो जातो राज्य सरकारकडे.

निवृत्त माणसाची अडचण इथेच आहे. घर नोकरीच्या काळात बांधलेले असते. रस्ता रुंद झाला, शेजारी दुकाने आली की घराचे धरलेले भाडे वाढते. पण घरमालक स्वतःच त्या घरात राहतो, त्याला भाडे मिळत नाही. घराची किंमत वाढली म्हणून त्याच्या पेन्शनमध्ये एक रुपयाही वाढत नाही.

चाचांच्या कागदात काय निघाले

आम्ही शाळेतून अर्धी रजा काढली आणि चाचांना घेऊन नगर परिषदेत गेलो. आकारणी यादी पाहण्याचा आणि तिच्यातून आपली नोंद उतरवून घेण्याचा हक्क घरमालकाला आहे. त्याला पैसे पडत नाहीत. यादी पाहिली आणि दोन चुका सापडल्या. विहिरीवर टाकलेले पत्र्याचे छप्पर पक्क्या बांधकामात धरले होते. आणि वरच्या मजल्यापुढे ‘भाडेकरू’ असे लिहिले होते.

भाडेकरू कुठून आला? चाचांना आठवले. मोजणीची माणसे आली तेव्हा पुतणीच्या लग्नाचे पाहुणे वर उतरले होते. तिथे वेगळी शेगडी पेटलेली दिसली आणि मोजणाऱ्याने भाडेकरू लिहून टाकला.

आम्ही साध्या कागदावर हरकतीचा अर्ज लिहिला. विजेचे बिल जोडले. वरच्या मीटरवर कित्येक महिने जवळजवळ शून्य वापर होता. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. सुनावणीला चाचा गेले, पुन्हा मोजणी झाली आणि कर ५,२०० रुपयांवर आला. जुन्या रकमेपेक्षा तो जास्तच आहे. पण घर जसे आहे तसे कागदावर आले.

खालांचा कागद

समोरच्या घरात एक खाला राहतात. त्यांचे पती एसटीत वाहक होते. ईपीएस ९५ ची पेन्शन येते, महिन्याला दीड हजाराच्या आसपास. नोटीस त्यांनाही आली होती, पण ती मरहूम सासऱ्यांच्या नावावर. घर अजून त्यांच्याच नावावर आहे. “गेलेल्या माणसाच्या नावाचा कागद, मी काय करू?” म्हणून खालांनी तो गादीखाली ठेवला.

मुदत निघून गेली आणि ६,४०० रुपयांचा आकडा कायम झाला. थकलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. साधा हिशेब केला तरी एका वर्षाच्या थकबाकीवर वर्षाला १,५३६ रुपये. म्हणजे खालांची एका महिन्याची पेन्शन नुसत्या दंडात जाते. आता मुलगा म्हणतो, घर विकून टाकू.

चाचांसोबत आम्ही नगर परिषदेत गेलो त्या दिवशी खालांचे दारही वाजवता आले असते. ते आम्ही वाजवले नाही. याची टोचणी आजही आहे.

प्रश्न कोणाला विचारायचा?

ती आकारणी झाली तेव्हा नगर परिषदेवर प्रशासक होते. जाऊन विचारावे असा नगरसेवकच नव्हता. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. चौकातल्या सभेत एक उमेदवार म्हणाले, घरपट्टी निम्मी करू. टाळ्या पडल्या. पण गटार, दिवाबत्ती, सफाईचा पैसा कुठून येणार, हे कोणी विचारले नाही. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली. तेव्हापासून त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नात घरपट्टीचाच मोठा आधार आहे. कर नको, असे आमचे म्हणणे नाही. तो खऱ्या मोजणीवर असावा आणि माणसाची ऐपत पाहून असावा, एवढेच म्हणणे आहे.

सवलत देता येत नाही असेही नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. माजी सैनिकांना राज्याने २०२० मध्ये सवलत दिली. दिल्ली महानगरपालिका ज्येष्ठ नागरिकांना २०० चौरस मीटरपर्यंतच्या एका घरावर ३० टक्के सूट देते. आमच्या गावच्या बिलात मात्र वयाचा रकाना नाही. निवडून आलेल्या नगरसेवकाला विचारायचा प्रश्न हा आहे: एकट्या राहणाऱ्या वृद्धासाठी, विधवेसाठी तुम्ही सभागृहात कधी बोलणार?

तोपर्यंत घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी काही कामे करावीत. नोटीस आली की तारीख पाहावी. हरकतीसाठी किमान ३० दिवस मिळतात आणि हरकत लेखीच द्यावी लागते. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर या तीन नोंदी तपासाव्यात. मरहूम बुजुर्गांच्या नावावर घर असेल तर वारसांची नोंद करून घ्यावी, त्यात बहिणींची नावे गाळू नयेत. घरपट्टीची पावती जपून ठेवावी, पण ती मालकीचा पुरावा नव्हे हेही लक्षात असावे.

आम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेले शिक्षक. चाचांसारखी जुनी पेन्शन आम्हाला मिळणार नाही. आज चाचांच्या हातात असलेला कागद उद्या आमच्या हातात येणार आहे, तोही कमी पैशांत. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही खालांकडे गेलो आणि गादीखालचा कागद बाहेर काढला. वारस नोंदीचा अर्ज दिला आहे. थकबाकी हप्त्याने घ्या, असा दुसरा अर्जही दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. या वेळी पोच मात्र खालांनी स्वतः मागून घेतली.