रझाकार : एका शिवीचा मागोवा

किल्लारीत म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं, की सन सांगत नाहीत. ‘रझाकारीत मी रांगत होतो’, ‘भूकंपात नातू पाळण्यात होता’, असा हिशेब येतो. आमची आजी चिंचेवर दगड भिरकावणाऱ्या पोरांवर ओरडायची, ‘‘कामून रझाकारी लावलीस रं मुडद्या!’’ रझाकार कोण, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. शिवी ‘मुडद्या’च्या वरची आहे, एवढं आवाजावरून कळायचं.

मुळात शब्द अगदी सोज्वळ. अरबी ‘रिझा’ म्हणजे खुशी, संमती. आपले राजी, रजा, राजीनामा त्याच घरचे. राजीखुशीनं राबतो तो रझाकार. साध्या मराठीत, स्वयंसेवक! निजामाच्या राज्यात इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या दलाला हे नाव होतं. १९४६मध्ये संघटनेची सूत्रं लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या हाती गेली, आणि दोन वर्षांत शब्द नासला. लुटालूट, जाळपोळ, खून. लोक बिऱ्हाडं उचलून सरहद्दीपलीकडे सोलापूर-बार्शीकडे गेले. भारतात विलीनीकरणाची बाजू घेणारे हैदराबादचे संपादक शोएबुल्ला खान यांचाही ऑगस्ट १९४८मध्ये खून झाला.

१७ सप्टेंबरला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. रझाकार संपले, पण शब्द मोकाट सुटला. भारतीय फौजेच्या या ‘पोलिस ॲक्शन’नंतर सूड उगवताना, ज्यानं कधी काठीही उचलली नव्हती अशा मुसलमान शेजाऱ्यालाही तो चिकटवला गेला. भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं त्याच वर्षअखेर या हिंसेची पाहणी केली. सर्वांत होरपळलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता, आणि किल्लारी तेव्हा ज्यात होती तो उस्मानाबादही. मुक्तिदिनाच्या भाषणांत हे पान सहसा उलटलं जात नाही. ‘रझाकारांची औलाद’ मात्र निवडणुकीत हमखास निघते.

तिकडे १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी लष्कराच्या मदतनीस दलानं हेच नाव घेतलं आणि बंगालीतही त्याची शिवी झाली. जुलै २०२४मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी ती आरक्षणविरोधी आंदोलकांच्या संदर्भात वापरली. त्याच रात्री ढाक्यातली पोरं ‘आम्हीच रझाकार’ म्हणत रस्त्यावर उतरली.

परवा गावात पत्त्यांच्या डावात पान लपवणाऱ्याला कुणी तरी म्हणालं, ‘‘लई रझाकार हाय हे बेणं!’’ सगळे हसले. पारावरचा एक म्हातारा तेवढा उठून घरी गेला.